कौसाबाईच्या मालकीच्या काचा

कौसाबाईचा हात मी आधी ऐकला, मग पाहिला. माझा एसटीडी बूथ आणि शेजारचा व्हिडिओ गेमचा गाळा यांच्यामध्ये फक्त प्लायवूड होतं. ती कामाला लागली त्या सकाळी मी एका गिऱ्हाइकाला नांदेडचा नंबर लावून देत होते. पलीकडून असा आवाज आला की गिऱ्हाइकाने रिसीव्हर कानापासून लांब धरला. त्याला वाटलं, लाइनमध्येच काहीतरी फुटलं. मागोमाग बाईचा आवाज, भाजीचा भाव सांगावा इतका शांत: "दांड्याला असं हिसकत न्हाईत, लेकरा. हळू धरायचं. समजलं का दुसऱ्या गालाला पण सांगू?"

समजलं, असं ते लेकरू म्हणालं.

तिची आठवण आत्ताच निघायचं कारण माझा भाचा. तो पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. परवा आला तो डोळे सुजवून. गेम बाजारात आणायची वेळ जवळ आली की शनिवार-रविवार नाही, जादा कामाला जादा पैसा नाही, आणि गेम एकदा बाहेर पडला की निम्म्या लोकांना नारळ. मी म्हटलं, मग बोलत का नाही कोणी? तर म्हणाला, "मावशी, या धंद्यात असंच असतं." हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. ते म्हणणाऱ्याचे दोन दात पुढच्याच मिनिटाला पडले होते. म्हणून लिहायला बसले.

गाळा परभणीत, स्टेशनपासून जवळच्या एका गल्लीत. विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती शेवटची काही वर्षं. मालक नंदूशेठ, समोरचा लॉजही त्याचाच. मुंबईहून वापरलेली सहा मशीनं ट्रकमधून आणून त्याने भिंतीला ओळीने लावली होती. रुपया टाकला की गेम सुरू. एकावर मोटारी, एकावर विमानं. सगळ्यांत जास्त गर्दी तीन नंबरवर. तिच्यात दोन माणसं एकमेकांना आडवं होईपर्यंत मारत, म्हणून पोरं तिला 'मारामारीवाली' म्हणत.

कौसाबाईच्या आधी तिथे एक पैलवान गडी होता. त्याने एका पोराला हाणलं, पोराचा भाऊ चाकू घेऊन आला आणि पैलवान गाव सोडून गेला. मग शेठने डोकं चालवून बाई ठेवली. बाईवर कोणी हात उचलत नाही, आणि बाईला पगार निम्मा. ही दोन्ही कारणं तो माझ्याच बूथवर उभा राहून फोनवर कुणाला तरी हसत सांगत होता.

बाई चुडाव्याची. चाळिशीची, उंच, खांदे ओझी वाहणाऱ्याचे. रोज सकाळच्या पॅसेंजरने यायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत. बरोबरच्या वस्तू ठरलेल्या: भाकरीचं फडकं, मिश्रीची डबी, पाण्याची बाटली, आणि पिठाच्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा हातभर तुकडा. पट्टा कमरेला खोचलेला असे. शब्द कमी, आणि तेही मारायच्या आधी. मारताना ती कधी बोलली नाही, मारून झाल्यावर कधी रागात राहिली नाही. ज्याला मारलं त्यालाच पाच मिनिटांनी, "तुह्या मायचा ताप उतरला का रे?" असं विचारताना मी ऐकलंय.

त्या वर्षांत नव्या माणसाला पहिला प्रश्न जातीचा असे. माणूस नामांतराच्या कोणत्या बाजूचा, हे लोक त्यावरून परस्पर ठरवून टाकत. कौसाबाईने पानवाल्याला एक जात सांगितली, कापडवाल्याला दुसरी, चहावाल्याला तिसरी. तिघं मिळून विचारायला आले तेव्हा म्हणाली, "कामून चौकशी करायलात? सोयरीक जुळवायची हाय का? मला पोरगी न्हाई." नंतर कोणी विचारलं नाही.

नवऱ्याबद्दल मात्र मी विचारलं होतं. तिने भाकरी मोडता मोडता दोन वाक्यांत सांगितलं. "त्यानं मला रोज मारलं, म्या त्याला एकदा. त्याचं हाड मोडलं, मग मला म्हायेरी धाडलं." पुढचा घास घेतला आणि म्हणाली, "ताई, ठेच्यात मीठ कमी पडलंय बगा."

आता तिच्या मारण्याचं कारण. गल्लीला वाटे, बाई जात्याच दुष्ट आहे. शेठचा नियम असा होता की गाळ्यात जे फुटेल, मोडेल ते पाळीवर असलेल्याच्या पगारातून कापायचं. पोरं हरली की मशीनला लाथ घालत. खेळायचे दांडे उखडत, बटणं आत जात, काचेवर मुठी बसत. पाळीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ही एकटीच. "लोक म्हणत्यात बाई लय मारती," ती मला म्हणाली. "एक झापड चुकली तर माही आठवड्याची ज्वारी जाती. कुणाला मारू, पोराला का पोटाला?"

बसायला स्टूल नव्हतं. बसलेल्या बाईचा वचक राहत नाही, असं शेठचं म्हणणं. पंखा एकच, तोही मशीनच्या पाठीवर सोडलेला, कारण मशीन तापून बंद पडलं तर खर्च होता. संडास समोरच्या लॉजवर, तोही दुपारी एकदाच, मॅनेजरच्या परवानगीने. म्हणून ती दुपारपर्यंत पाण्याची बाटली उघडत नसे. आणि मशीनला अर्थिंग नव्हतं. लोखंडी कडेला हात लागला की मुंग्या येत. पोरांना ती गंमत वाटे, एकमेकांचे हात धरून साखळी करत. कौसाबाई दिवसभर त्या कडांना चिकटून उभी असायची. संध्याकाळी जाताना ती हाताची बोटं एकेक ओढून मोडायची, तो आवाजही प्लायवुडातून यायचा.

बंदच्या दिवसाची गोष्ट सांगायला हवी. बंद दोन्ही बाजूंचे असत. आज यांचा, चार दिवसांनी त्यांचा. दुकानं मिटायची, एसट्या डेपोत उभ्या, आणि शाळेला सुट्टी. सुट्टी म्हणजे पोरं, पोरं म्हणजे गल्ला. म्हणून शेठचा हुकूम, शटर अर्धं खाली घ्यायचं आणि आत मशीनं चालू ठेवायची. त्या दिवशी दहा-पंधरा जणांचा घोळका तोंडाला रुमाल बांधून गल्लीत शिरला. मी बूथची कडी लावून फटीतून बघत होते. पहिला दगड शटरवर बसला. दुसरा वाकून बाहेर येणाऱ्या कौसाबाईच्या भुवईवर.

रक्त डोळ्यात उतरलं. तिने ते पदराने निपटलं आणि घोळक्याकडे निरखून पाहिलं.

"ए चट्ट्यापट्ट्याच्या शर्टवाल्या, काल माह्याकडं मोटार खेळलास ना? तोंड बांधलं म्हून वळखू येत न्हाई व्हय?"

त्या पोराच्या हातातला दगड खाली पडला. मागून एकजण ओरडला, "मावशी, आत जाय, तुला काय करायचं न्हाई!"

"मला केलंस की आत्ता. हे काय कुंकू हाय?"

तिसरा दगड तिच्या खांद्यावरून शटरखाली गेला आणि आतली एक काच खळकन् फुटली. त्या आवाजाने बाईचा चेहरा बदलला. भुवई फुटली तेव्हा तो बदलला नव्हता. दगड मारणाऱ्याची मानगूट धरून तिने त्याला पट्ट्याने शटरपासून पानपट्टीपर्यंत हाणत नेला. तो गुडघ्यावर आला तरी थांबली नाही. पाठीवरचा सदरा फाटून आत लाल वळ दिसायला लागले. घोषणा कुठल्या कुठे गेल्या आणि घोळका आल्या वाटेने पसार झाला. मी तिच्या भुवईला कापूस लावला तेव्हा ती शटरखालून आत बघत होती. म्हटलं, फार लागलं का? म्हणाली, "काच एक नंबरची गेली, ताई."

महिनाअखेरी ती काच कापली गेली. मी म्हटलं, दंगलीतली काच कशी कापतात? ती म्हणाली, "दंगल माह्याच पाळीत झाली ना."

गाळ्यात दुसरा माणूस महेबूबभाई. पूर्वीचा रेडिओ दुरुस्त करणारा, बारका, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याला पगार नव्हता. मशीन बिघडलं की बोलावणं, कामापुरते पैसे. सहा मशीनना मिळून मेन स्विच एकच होता. एक मशीन उघडायला मेन ओढावा तर सहाही पडदे काळे, चालू असलेले सगळे गेम बुडाले, आणि प्रत्येक पोराला रुपया परत. तो रुपया मेन ओढणाऱ्याकडून. पैलवान गड्याने दोन-तीनदा मेन ओढला होता, तेव्हापासून शेठने मेनला लाकडी पेटी करून कुलूप घातलं आणि किल्ली लॉजवर ठेवली. त्यामुळे महेबूबभाई सगळी कामं चालू मशीनवर करी. पायाखाली फळी, डावा हात खिशात, उजवा हात आत. "एकच हात घालायचा, बाई," तो म्हणायचा. "दोन घातले तर अल्लाला प्यारे."

कौसाबाईला हे बघवत नसे. ती, जिला कुणाची भीती नाही, तो आत हात घालायचा तेव्हा तोंड फिरवून उभी राहायची. शेठला तिने मागणी घातली ती स्टुलाची नाही, पगाराची नाही. दर मशीनला चालू-बंदचं वेगळं बटन लावा, एवढीच. शेठ म्हणाला, बघू. दोन महिन्यांनी पुन्हा म्हणाली. शेठ म्हणाला, "कौसाबाई, तू पोरं सांभाळ. वायरी मी सांभाळतो."

तो रविवार होता, दुपारची वेळ. सहाही मशीनवर पोरं. मारामारीवालीच्या पडद्यावरचं चित्र वरखाली पळायला लागलं म्हणून महेबूबभाई तिच्या मागे शिरला. फळीवर उभा राहिला, डावा हात खिशात घातला. पुढे खेळणाऱ्याने नाणं टाकलेलं, त्याला दम नव्हता. त्याने दोन्ही हातांनी मशीन गदागदा हलवलं. मशीन मागे कललं, ते अंगावर येतंय असं वाटून महेबूबभाईचा खिशातला हात आपोआप बाहेर आला आणि त्याने लोखंडी चौकट धरली.

मला आधी माझा दिवा मंद झालेला दिसला. मग एक आवाज, माणसाचा आहे हे कळायला वेळ लागावा असा. मी धावत गेले. महेबूबभाई मशीनला चिकटला होता, मान मागे, दात घट्ट, टाचा फळीवर तडतड वाजत होत्या. पोरं हसत होती. त्यांना वाटलं, तो गंमत करतोय.

कौसाबाईने एका पोराला ढकलून आडवं केलं, कोपऱ्यातलं खोक्याचं फळकूट उचललं आणि महेबूबभाईच्या कोपराखाली हाणलं. पहिल्या घावाने हात सुटला नाही. दुसऱ्याने हाड मोडल्याचा आवाज आला आणि हात सुटला. तो पडला. दुसऱ्या हाताच्या बोटांतून धूर येत होता. मग तिने शटर ओढायचा लोखंडी आकडा घेतला आणि मेनच्या पेटीवर घातला. पेटीचा चुरा झाला. तिने मेन ओढला.

सहाही पडदे काळे झाले. त्या शांततेत एक पोरगा म्हणाला, "मावशी, माहा रुपया?"

ती आकडा हातात घेऊन वळली. "कुणाकुणाला पायजे रुपया? फुडं या."

गाळा रिकामा झाला. मी ऑटो थांबवला. महेबूबभाईला तिने पोत्यासारखं उचलून आत ठेवलं.

जीव वाचला. उजवा हात असा मोडलेला की त्याची बोटं पुन्हा कधी वळली नाहीत, डाव्याची तीन बोटं जळून आत वळलेली. दोन्ही हात गेलेला मेकॅनिक. शेठ दवाखान्यात आला तेव्हा पहिला प्रश्न त्याने विचारला तो, "मेन कुणी ओढला?" महेबूबभाईच्या बायकोला त्याने दारातच सांगितलं की हा काही माझा नोकर नाही, बोलावलं तेव्हा येणारा माणूस, दवाखान्याचं माझ्याकडे मागायचं नाही. आणि कौसाबाईला सांगितलं की पेटी, कुलूप आणि सहा रुपये पगारातून जातील. पॅसेंजरची वेळ झाली होती, ती गेली.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आली. शटर उघडलं, झाडून काढलं, पाणी शिंपडलं. मग माझ्या बूथवर येऊन लॉजचा नंबर लावायला सांगितला. समोर दिसणाऱ्या लॉजवर फोन. "मालक, गाळ्यात या. हिशेब करायचाय."

शेठ आला. मी आणि पानवाला दारात. कौसाबाई आकडा धरून एक नंबरपुढे उभी होती.

"मालक, ह्या काचंचे पैशे कुणी दिले?"

"कुणी म्हणजे? काच माझी."

"बंदच्या दिवशी फुटली. माह्या पगारातून कापली. म्हंजी इकत म्या घेतली. माही हाय." आणि तिने आकडा घातला. काच गेली, मागचा पडदाही गेला. बॉम्बसारखा आवाज झाला आणि पांढरी धूळ उडाली.

शेठ मागे सरकला. ती दोन नंबरकडे गेली. "हा दांडा माहा. दिवाळीच्या म्हयन्यात कापला." दांडा मुळापासून तुटला. "तीनची काच माही. बटणं पण माहीच." मारामारीवालीचा चेंदा झाला. चार नंबरवरून ती नुसती पुढे गेली. "हिच्यातलं माहं काही न्हाई. हिला हात लावायची न्हाई." पाच नंबरची काच तिची होती, ती गेली. सहाव्याचा नुसता दांडा. फुटलेल्या काचांवरून ती चप्पल न घालता चालत होती आणि मागे लाल पावलं उमटत होती.

"येडी झालीस का गं?" शेठचा आवाज चिरका झाला होता.

"महेबूबभाईचा दवाखाना द्या. दर मशीनला बटन लावा. न्हाईतर फुडच्या म्हयन्याचा पगार हाय अजून माहा. त्यात चार नंबर इकत घेते."

शेठने पानवाल्याकडे आणि माझ्याकडे बघितलं. लोक आपल्याला बघतायत हे त्याला सहन झालं नसावं. तो हसला. "महेबूबला कोणी हात घालायला लावला होता? रोजच्या रोज करंट लागतो, माणसं पडतात. या धंद्यात असंच असतं." आणि पुढे होऊन त्याने तिचे केस धरले.

तिने आकडा टाकला. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर लोक म्हणाले की तिने लोखंडाने मारलं. तिने हाताने मारलं. एकदाच. शेठ चार नंबरवर आपटला, घसरत खाली बसला आणि तोंडावर हात धरून त्याने तळहातात दोन दात थुंकले. चार नंबरला ओरखडाही आला नाही.

पोलीस आला. तो तिला धरायला बिचकत होता. तीच पुढे निघाली, तो मागून. पण शेठने तक्रार दिली नाही. तक्रार दिली असती तर गाळ्याचा परवाना दाखवावा लागला असता, आणि लॉजच्या मीटरवरून ओढलेली वायरही. गल्लीतले चार जण चहाच्या हॉटेलात बसले आणि मिटवलं. महेबूबभाईचा दवाखाना शेठने द्यायचा. बटणं लावायची, अर्थिंग करायचं. कौसाबाईने उद्यापासून यायचं नाही, चालू महिन्याचा पगार मागायचा नाही. तिला विचारलं, कबूल आहे का? ती म्हणाली, "बटणं लावली का न्हाई, ते कोण बगणार?" चौघं चहा बशीत ओतायला लागले. "मग म्या येऊन बगीन," म्हणाली.

महेबूबभाईला पुढे त्याच्या मेव्हण्याने सायकलच्या दुकानात गल्ल्यावर बसवलं. नोटा तो मनगटांनी मोजायचा.

मोडलेल्या मशीनच्या जागी दुसरी आणून गाळा पुन्हा सुरू झाला त्या आठवड्यात ती आली. पट्टा नव्हता, पायाला चिंध्या बांधलेल्या, हातात नुसती पिशवी. नवा गडी तिला ओळखत नव्हता. ओळखणारी पोरं भिंतीला सरकली. प्रत्येक मशीनच्या वर लाकडी पाटीवर एक काळं बटन लावलेलं होतं. तिने एक नंबरचं बटन बंद केलं. तेवढाच पडदा गेला. बाकीचे चालू. खेळणारा ओरडला, "ओ मावशी!" तिने दोन नंबरचं बंद केलं, मग तीनचं. गाळ्यात एकेक अंधार होत गेला आणि एकेक पोरगा ओरडत गेला. नवा गडी "बाई, काय करायलाव?" म्हणत मागे मागे फिरत होता. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

सहा नंबरच्या मागे नवा मेकॅनिक होता, पोरगेलासा, पूर्णेहून आलेला. बटन डोक्यावर हातभर अंतरावर, आणि ते चालूच. डावा हात खिशात घालून त्याने उजवा आत घातलेला. कौसाबाईने बटन बंद केलं.

"ए, कुणी बंद केलं?" आतून आवाज आला. "पोरगं खेळायलंय ना!"

तिने त्याला कॉलर धरून बाहेर ओढला आणि अशी झापड दिली की त्याचा पाना हातातून उडून रस्त्यावर आला.

"माणसाचे दोन हात गेल्यात ह्या बटनासाठी," ती म्हणाली, "आन् तू खिशात घालून उभा ऱ्हायलायस!"

पॅसेंजरची वेळ झाली होती. ती लंगडत स्टेशनकडे निघाली, मागे न बघता. मी बूथच्या दारात उभी होते. मेकॅनिक गाल धरून रस्त्यावर आला. मग पाना उचलून आत गेला. हात आत घालण्याआधी त्याने मान वर करून बटन बघितलं, ते बंदच असल्याची बोटाने चाचपून खात्री केली, आणि मग दोन्ही हात आत घातले.